नव्या घराची किल्ली मिळाली की आधी आपलं पोलीस ठाणं शोधा

नवी मुंबईत किंवा ठाण्यात नव्याने राहायला आलेलं कुटुंब पहिल्या आठवड्यात दूधवाला ठरवतं, गॅसची जोडणी करून घेतं, शाळेच्या बसची चौकशी करतं. आपलं पोलीस ठाणं कुठलं, हे मात्र घरफोडी झाल्यावर शोधलं जातं. मी नेरुळच्या एका सोसायटीत कमिटीचं काम बरीच वर्षं करतोय. ज्या इमारतीतल्या लोकांना बीटवरच्या, म्हणजे आपला भाग सांभाळणाऱ्या हवालदाराचं नाव माहीत असतं आणि त्या हवालदाराला तिथला वॉचमन ओळखीचा असतो, तिथे रात्री दोन वाजता फोन करताना कोणी बिचकत नाही. बाकीच्या इमारतींत लोक खिडकीतून बघत बसतात आणि सकाळी ग्रुपवर लिहितात. ही ओळख कशी करायची आणि ती झाल्यावर काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

हद्द समजून घ्या

महापालिका एक आणि पोलीस आयुक्तालय दुसरं, असा प्रकार आपल्याकडे आहे. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय १९९४ चं. वाशी आणि पनवेल दोन्ही त्यात येतात. म्हणजे खारघर-कामोठ्याच्या माणसाची घरपट्टी पनवेल महापालिकेत जाते, पण त्याचे पोलीस नवी मुंबईचे. उरणही याच आयुक्तालयात येतं. ठाणे आयुक्तालय १९८१ चं, आणि ते फक्त ठाणे शहरापुरतं नाही. भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळं त्यात आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातलं असलं तरी २०२० पासून तिथे वेगळं आयुक्तालय आहे.

पोलीस ठाण्यांच्या नावांतही गल्लत होते. रबाळे वेगळं आणि रबाळे एमआयडीसी वेगळं. पनवेल शहर वेगळं, पनवेल तालुका वेगळं. आपली इमारत नेरुळ पोलीस ठाण्यात येते की एनआरआय सागरीत, हे सीवूड्सच्या कित्येक रहिवाशांना विचारलं तर सांगता येत नाही. एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा, चौकी कुठली तेही विचारा आणि लिहून ठेवा.

चुकून दुसऱ्या ठाण्यात पोहोचलात तरी परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) कुठल्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. यालाच शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात. "आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकू आलं तर याच कलमाचा शांतपणे उल्लेख करा.

तातडीच्या मदतीला ११२. इथे नवी मुंबईकरांसाठी एक खास सूचना आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी, नेरुळ अशा प्रत्येक उपनगराला, आपापले सेक्टर क्रमांक दिले. त्यामुळे सेक्टर १९ वाशीतही आहे, नेरुळलाही, कोपरखैरण्यातही, ऐरोलीतही, खारघरलाही आणि कामोठ्यातही. घाबरलेला माणूस फोनवर "सेक्टर एकोणीस, लवकर या" एवढंच बोलतो. आधी नोड, मग सेक्टर, मग प्लॉट क्रमांक आणि जवळची ठळक खूण, हा क्रम घरातल्या मुलांकडूनही म्हणून घ्या. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांत इमारतीचं नाव आणि कुठलं गेट हे सांगावं लागतं. नाहीतर गाडी संकुलाला वळसा घालत राहते.

पहिली भेट

ठाण्यात आत शिरल्यावर समोरच्या टेबलावर बसलेले ते ठाणे अंमलदार. तक्रार आधी त्यांच्याकडे जाते. प्रत्येक हद्दीचे बीट पाडलेले असतात आणि त्या त्या भागाची जबाबदारी बीट अंमलदाराकडे असते. मोटरसायकलवर गस्त घालतात ते बीट मार्शल. सगळ्यांच्या वर वरिष्ठ पोलीस निरीक्षक. नव्या रहिवाशाला थेट "मोठ्या साहेबांना" भेटायची घाई असते. माझं सांगणं असं की आधी बीट अंमलदारांना भेटा. तुमच्या गल्लीत रोज तेच येणार आहेत.

दहीहंडी, गणपती विसर्जन, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा अशा बंदोबस्ताच्या दिवशी जाऊ नका. आदल्या रात्रीपासून उभी असलेली माणसं तुमचं कॅमेऱ्यांचं नियोजन ऐकायच्या अवस्थेत नसतात. एखाद्या साध्या दिवशी, शक्यतो आधी फोन करून, दोघं-तिघं जा. घोळका नको. एक महिला सदस्य जरूर असू द्या. जानेवारीचा पहिला आठवडा फार चांगला. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो आणि त्या आठवड्यात ठाण्यांमध्ये नागरिकांसाठी, शाळांसाठी कार्यक्रम असतात. मुलांना घेऊन जा. एकदा आतून पाहिलं की मुलांच्या मनातली भीती जाते.

सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र न्या, दोन प्रतींत. एकीवर पोच घ्या. पत्रात इमारतीचा पूर्ण पत्ता, घरांची संख्या, येण्याजाण्याचे दरवाजे, कॅमेरे कुठे कुठे आहेत, वॉचमनच्या पाळ्या आणि संपर्कासाठी दोन सदस्यांची नावं. दोन अशासाठी की एक गावाला गेला तर दुसरा हवा. मागणी करायची तर नेमकी करा. "गस्त वाढवा" हे प्रत्येक पत्रात असतं आणि त्याने काही हलत नाही. "मागच्या भिंतीलगतचे दोन दिवे बंद आहेत, तिथे रात्री अकरानंतर गाड्या लावून दारू पितात" असं लिहिलं तर मार्शलना कुठे वळायचं ते कळतं. दिवे मात्र महापालिकेचे. त्याचं पत्र विभाग कार्यालयात द्या आणि त्याची प्रत पोलिसांना.

प्रत्येक ठाण्यात महिला दक्षता समिती आणि शांतता समिती असते. पोलीस मित्र म्हणूनही नागरिकांना जोडून घेतात. सणांच्या आधी शांतता समितीची बैठक होते, तिला आपल्या भागातून कोण जातं ते विचारा. किनाऱ्यालगतच्या कोळी गावांत सागर रक्षक दल आहे. तिथले मच्छीमार समुद्रातल्या अनोळखी हालचालींवर डोळा ठेवतात. आपण टॉवरमध्ये राहणारी माणसं दिवाळे, सारसोळे, करावे या गावांच्या शेजारी राहतो, पण त्यांच्याशी बोलत नाही. या भागाची खडानखडा माहिती गावातल्यांना असते. त्यांना तुमच्या बैठकीला बोलवा.

भिवंडीत काय झालं होतं

हे सगळं वरवरचं वाटत असेल तर ठाणे आयुक्तालयातलंच एक उदाहरण सांगतो. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं एका समितीत, आणि त्या समितीशी रोजचा संबंध ठेवणारा त्या भागातला पोलीस. बैठकांत नळाची भांडणं, कचरा, गाडी लावण्यावरून झालेली बाचाबाची असलेच विषय असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

मला यातली नळाच्या भांडणाची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. किरकोळ कारणांसाठी एकत्र बसायची सवय होती म्हणून कठीण दिवसांत ती माणसं एकमेकांचं ऐकू शकली. तुमच्या सोसायटीची बीट अंमलदारांबरोबरची बैठक दोन महिन्यांतून एकदा झाली आणि त्यात पार्किंगखेरीज काहीच निघालं नाही, तरी ती चालू ठेवा.

भाडेकरू, कामाच्या बाया, वॉचमन

घर भाड्याने दिलं असेल तर करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ तसं सांगतं. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून ती घरबसल्या देता येते किंवा ठाण्यात अर्ज देता येतो. आयुक्तालयाचा तसा मनाई आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. सोसायटीने पोच पावतीची प्रत फाइलला लावावी.

पण माहिती देणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. कागद पूर्ण असताना आडनाव बघून, धर्म बघून किंवा "एकटी मुलगी आहे" म्हणून घर नाकारणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत आणि त्या सुरक्षेचं नाव पुढे करतात. पोलिसांनी असं काहीही सांगितलेलं नसतं.

घरकामाला येणाऱ्या बायांबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. आमच्या इमारतीत एकदा अंगठी हरवली. घरच्यांनी कामवाल्या मावशींचं नाव घेतलं, आणि कमिटीवर असून मी त्यांना गेटवर थांबवून पिशवी दाखवायला लावली. चार दिवसांनी अंगठी गादीच्या खोळीत सापडली. मावशींनी सगळ्या इमारतीतली कामं सोडली होती. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी पाणी दिलं, पण त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून आमचा नियम असा: झडती कोणीही घ्यायची नाही, तो अधिकार आपला नाही. संशय असेल तर पोलिसांकडे जायचं, आणि तिथे संशय म्हणूनच सांगायचं. कामाला ठेवताना मात्र ओळखपत्राची प्रत, फोटो आणि गावाकडचा पत्ता सगळ्यांकडून सारखाच घ्यायचा, वाहन चालवणाऱ्यांपासून जिमच्या प्रशिक्षकापर्यंत.

वॉचमन एजन्सीकडून घेत असाल तर खासगी सुरक्षा एजन्सी अधिनियम २००५ खालचा परवाना दाखवायला सांगा, रक्षकांची चारित्र्य पडताळणी झाली आहे का ते विचारा. आणि बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची, पंखा आणि जवळपास स्वच्छतागृह द्या. ज्याला लघवीला जायला दोन इमारती ओलांडाव्या लागतात त्याच्याकडून गेट सुटतंच.

कॅमेरे आहेत, पण घड्याळ बरोबर आहे का?

आमच्याकडे मोटरसायकल चोरीला गेली तेव्हा तपासाला आलेल्या हवालदारांनी चित्रण मागितलं. सोळा कॅमेरे होते. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं, गेटवरच्या कॅमेऱ्यात हेडलाइटच्या झोतात नंबर प्लेट पांढरी दिसत होती आणि पासवर्ड ज्या तंत्रज्ञाला माहीत होता तो नोकरी सोडून गेला होता. त्यानंतर आम्ही जे केलं ते असं. दर महिन्याच्या एक तारखेला एक सदस्य फोनमधली वेळ आणि पडद्यावरची वेळ ताडून वहीत सही करतो. गेटवर एक कॅमेरा मुद्दाम खाली, गाडीच्या नंबरपट्टीच्या उंचीजवळ बसवला. दुसरा माणसाच्या चेहऱ्यासाठी. साठवण किमान महिनाभराची ठेवली, कारण हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि तपास कधीकधी वीस दिवसांनी तुमच्या गेटपर्यंत पोहोचतो. वीज गेली तरी डीव्हीआर चालू राहील अशी बॅटरी लावली. पासवर्ड बंद पाकिटात, सचिव आणि खजिनदार दोघांकडे.

घटना घडली की संबंधित वेळेचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा, मूळ नोंद पुसू नका. ते न्यायालयात पुरावा म्हणून जायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. पोलीस नमुना देतात. सही करायला घाबरू नका, ते तुम्ही दिलेलं चित्रण खरं आहे एवढंच सांगणारं प्रमाणपत्र आहे.

ते चित्रण ग्रुपवर मात्र टाकू नका. चोराला आपण कुठे दिसलो हे कळतं, आणि भलत्याच माणसाचा चेहरा "हाच तो" म्हणून तालुकाभर फिरतो.

संशय आला तर

खात्री नसली तरी कळवा. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं दिसल्याचं सांगितलं, तेव्हा पोलीस आणि नौदल शोधाला उतरले होते. शोधात कोणी सापडलं नाही. तरी मुलांनी सांगितलं ते बरोबरच केलं. खरं-खोटं करणं हे त्यांचं काम नव्हतं.

याची दुसरी बाजू फार काळी आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे असा संदेश तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवण्याआधी बीट अंमलदारांना फोन करा. उत्तर येईपर्यंत ग्रुपच्या अ‍ॅडमिनने तो संदेश काढून टाकावा. आमच्याकडे हे काम दोन निवृत्त शिक्षिकांनी अंगावर घेतलं आहे आणि त्यांचं सगळे ऐकतात.

चोर हातात सापडलाच तर? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न लावता आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बसवून ठेवा, पाणी द्या, ११२ ला फोन करा. मारहाण केलीत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, आणि व्हायलाच हवा.

घटना घडल्यानंतर

कडी-कोयंडा तुटलेला दिसला की आत जाऊन कपाट उघडून बघायचा मोह आवरा. आत कोणी असू शकतं, आणि बोटांचे ठसे तिथेच असतात. बाहेर थांबा, ११२ ला फोन करा, शेजाऱ्यांनाही आत सोडू नका. पंचनाम्याला पंच लागतात. शेजाऱ्यांपैकी कोणी तरी व्हा. आज तुम्ही टाळलंत तर उद्या तुमच्या घरी कोण येणार? गेलेल्या वस्तूंची यादी बिलांसकट करा. दागिन्यांचे फोटो आधीच काढून ठेवलेले असतील तर जप्तीनंतर ते ओळखणं सोपं जातं.

एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. दखलपात्र गुन्हा असून नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी माहिती पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आवाज चढवण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला महिलांना आणि साठीच्या वरच्या पुरुषांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. ज्येष्ठांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ते साक्ष द्यायला कचरत नाहीत.

फोन हरवला तर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) वापरून संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. ऑनलाइन पैसे गेले तर सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, तिथे मिनिटं मोजली जातात.

एकटे राहणारे ज्येष्ठ

वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत असे कितीतरी आजी-आजोबा आहेत ज्यांची मुलं परदेशात आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि त्यांना भेटी द्यायच्या अशी तरतूद आहे. तुमच्या इमारतीतली नावं त्यांच्या संमतीने त्या यादीत घाला. "पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतया पोलीस सकाळच्या फेरफटक्याच्या वेळी भेटतात. खरे पोलीस कधीच दागिने काढायला सांगत नाहीत. फोनवर गणवेश दाखवून "तुम्ही डिजिटल अटकेत आहात" म्हणणाऱ्यांचंही तेच. असल्या अटकेला कायद्यात जागाच नाही. हे एकदा सांगून भागत नाही. आम्ही बीट अंमलदारांनाच ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बोलावलं, त्यांनी अर्धा तास गप्पा मारल्या आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये आपला नंबर स्वतः साठवून दिला. पुढच्याच महिन्यात एका आजींनी असा फोन आल्यावर तो कापला आणि बीट अंमलदारांना लावला.

बीट अंमलदारांची बदली होते. तो दिवस कळला की निरोपाचा चहा द्या, आणि नव्याने येणाऱ्यांकडे त्याच आठवड्यात फाइल घेऊन पुन्हा जा. वॉचमनच्या खुर्चीमागे एक कागद चिकटवा: ११२, पोलीस ठाणं, चौकी, बीट अंमलदार, आणि खाली मोठ्या अक्षरांत इमारतीचा पत्ता नोडच्या नावासकट. मराठीत लिहा आणि वॉचमनला जी भाषा वाचता येते तिच्यातही. रात्रपाळीला नवा माणूस आला की तो कागद त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.